अधूनमधून प्रकटणारा दोष : जुन्या ट्रकच्या इंधनपंपाचे विद्युत्-निदान

राजुऱ्याहून गडचांदूर व कोरपना ह्या गावांवरून आदिलाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालवाहू गाड्यांची मोठी वर्दळ असते. १९८० च्या दशकात गडचांदूर व आवारपूर येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिल्यापासून चुनखडी, कोळसा आणि तयार सिमेंट यांची ने-आण हा ह्या भागातील एक प्रमुख व्यवसाय होऊन बसला आहे. ह्या वाहतुकीत नव्या गाड्यांच्या बरोबरीने जुन्या गाड्याही राबतात. आणि जुन्या गाडीविषयीच्या तक्रारींमध्ये एक तक्रार अशी आहे की, तिचे उत्तर देताना अनुभवी मिस्त्रीही चाचरतो. ती बहुधा एकाच वाक्यात सांगितली जाते : ‘पंपाला करंट मिळत नाही, गाडी मध्येच बंद पडते.’ गाडी गॅरेजात आणावी, तर ती पहिल्या सेल्फला सुरू होते. अर्धा तास उभ्या जागी चालू ठेवली तरी बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी माल भरून निघाली की, पाचव्या-दहाव्या मैलावर पुन्हा तोच प्रकार.

अशा वेळी तपासणाऱ्यासमोर दोष नसतो, दोष पाहिलेला माणूस मात्र असतो. म्हणून निदानाचा आरंभ पान्यापासून न करता चालकाच्या ह्या वाक्यापासूनच करणे सोयीचे ठरते. वाक्य लहान आहे. परंतु त्यात दोन निरनिराळ्या प्रकारची विधाने एकत्र आली आहेत. ‘गाडी मध्येच बंद पडते’ ही पाहिलेली घटना होय. ‘पंपाला करंट मिळत नाही’ हे अनुमान होय. ते कोणी तपासून काढलेले नसते, कोणाकडून तरी ऐकलेले असते. मराठी वाक्यात दोहोंची क्रियापदे एकाच काळात, एकाच निश्चयाने येतात, आणि ऐकणारा दोहोंना सारखेच वजन देतो. पुढील बराचसा घोटाळा येथूनच सुरू होतो.

प्रथम ‘पंप’ हा शब्द घ्यावा. डिझेल ट्रकमध्ये तो निदान दोन वस्तूंना लागतो. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमार्गे पुढे ढकलणारा तो फीड पंप. आणि तेच डिझेल फार मोठ्या दाबाने, नेमक्या क्षणी व नेमक्या मापाने नोझलकडे पाठवणारा तो इंजेक्शन पंप. बॉश ह्या जर्मन कंपनीने १९२७ साली इंजेक्शन पंपाचे घाऊक उत्पादन सुरू केले. बंगळूर येथे १९५१ साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील ‘मायको’ने, तो भारतात रुजवला. २००८ साली ह्या कंपनीचे नाव बदलून बॉश झाले. जुन्या ट्रकांतील हे दोन्ही पंप इंजिनाच्या शक्तीने फिरतात. त्यांना वीज लागतच नाही. पेट्रोलच्या कित्येक गाड्यांत टाकीमध्ये विजेच्या मोटरीवर चालणारा पंप असतो, आणि तेथे ‘पंपाला करंट मिळत नाही’ हे वाक्य अक्षरशः खरे ठरू शकते. डिझेल ट्रकच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ दुसरा घ्यावा लागतो.

तो असा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. इंजिन थांबवावयाचे तर डिझेल तोडावे लागते. अगदी जुन्या गाड्यांत हे काम चालक हाताने केबल ओढून करी. अशी गाडी एकदा सुरू झाली की बॅटरी काढून ठेवली तरी चालत राहते. म्हणून ती मध्येच बंद पडत असेल तर विजेकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. त्यानंतरच्या गाड्यांत केबलीच्या जागी सोलेनॉइड आला. तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिच्या पोटात सरकणारा लोखंडी दट्ट्या आणि त्याला मागे लोटणारी स्प्रिंग, एवढीच ही रचना. चावी फिरवली की गुंडाळीत प्रवाह जातो, दट्ट्या ओढला जातो. तेव्हा ट्रकच्या पंपाचा विद्युत्-दोष म्हणजे ह्या सोलेनॉइडाचा, किंवा त्याच्यापर्यंत जाणाऱ्या व त्याच्यापासून परत येणाऱ्या वाटेचा दोष होय.

येथे एक भेद आधी स्पष्ट करून घेणे अत्यंत जरूरीचे आहे, आणि गॅरेजात नेमका तोच पुष्कळदा राहून जातो. सोलेनॉइड दोन स्वभावांचे असतात. एका प्रकारात वीज मिळत आहे तोवर डिझेलची वाट उघडी राहते. वीज तुटली की स्प्रिंग वाट बंद करते. दुसऱ्या प्रकारात उलट आहे : वीज दिली म्हणजे डिझेल तुटते, एरवी वाट उघडीच. पहिल्या प्रकारात सुटलेली तार गाडी बंद पाडते. दुसऱ्या प्रकारात सुटलेली तार गाडी बंद पाडूच शकत नाही. उलट गाडी बंद करावयाची असताना ती बंद होत नाही. दुसऱ्या प्रकारची गाडी मध्येच बंद पडत असेल तर ‘करंट मिळत नाही’ हे कारण असणे शक्य नाही. नको तेव्हा करंट मिळतो आहे की काय, म्हणजे एखादी सोललेली तार दुसऱ्या चालू तारेला टेकते काय, हे पाहावे लागेल. भेद ओळखण्यास उपकरण लागत नाही. इंजिन मंद गतीवर चालू असताना सोलेनॉइडाची तार काढावी. इंजिन थांबले तर पहिला प्रकार, चालू राहिले तर दुसरा. ह्या एका कृतीने अर्धा अंधार नाहीसा होतो. ह्यापुढील विवेचन पहिल्या प्रकाराविषयी आहे, कारण तक्रारीही मुख्यत्वे त्याच्याच असतात.

आता घटनेकडे वळावे. गाडी ‘बंद पडते’ म्हणजे कशी बंद पडते? विजेने तुटलेली गाडी चावी फिरवून बंद केल्यासारखी थांबते. एका-दोन सेकंदांत, कुरकुर न करता. डिझेल कमी पडलेली गाडी दम तोडत थांबते : आधी पिकअप जातो, मग मिसिंग सुरू होते, चढावर गिअर उतरवावा लागतो आणि शेवटी इंजिन बसते. फिल्टर तुंबला, पाइपच्या जोडातून हवा शिरली, किंवा टाकीच्या झाकणातील बारीक भोक धुळीने बुजून टाकीत पोकळी निर्माण झाली, तर दुसरा प्रकार घडतो. झाकणाच्या भोकाचा दोष विशेष फसवा आहे. गाडी तास-दीड तास चालून बंद पडते, चालक झाकण उघडून डिझेल पाहतो, हवा आत जाते आणि गाडी सुरू होते; श्रेय मात्र त्याच वेळी हलवलेल्या तारांना मिळते. सिमेंट आणि कोळशाच्या वाहतुकीत ही शक्यता दुर्लक्षण्याजोगी नाही. गाडी पुन्हा कशी सुरू झाली, हाही म्हणूनच महत्त्वाचा प्रश्न होय. हातपंप मारल्यावर सुरू झाली असेल तर दोष डिझेलच्या वाटेत शोधावा. काहीही न करता, नुसती चावी बंद करून पुन्हा फिरवल्यावर सुरू झाली असेल तर विजेचा संशय बळावतो. ह्या नियमास एक अपवाद आहे : रिलेचे टोक फडफडत असेल तर वीज क्षणोक्षणी तुटते-जुळते आणि विजेचा दोषही मिसिंगसारखा भासतो.

उतारावर मिळणारी एक खूण फार बोलकी आहे. माणिकगडाच्या डोंगरावरील जिवतीहून गडचांदूरकडे उतरताना गाडी गिअरमध्ये असते आणि चाके इंजिनाला फिरवीत असतात. अशा वेळी सोलेनॉइडाची वीज गेली तरी इंजिन फिरतच राहते. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की मात्र ओढ लागत नाही. आणि वीज परत येताच गाडीला एकदम झटका बसून ओढ परत येते. हवा धरलेली किंवा डिझेल तुटलेली गाडी इतक्या तडकाफडकी सावरत नाही. ह्याच प्रसंगी एक सावधगिरीही सांगणे अवश्य आहे. इंजिनची ओढ गेल्याचे जाणवताच क्लच दाबणे किंवा गाडी न्यूट्रल करणे ही चालकाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते, पण तसे केल्याने इंजिन खरोखरच थांबते. मग ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि हवेच्या टाक्यांत उरलेल्या दाबावर मोजक्याच वेळा ब्रेक लागतो. गाडी गिअरमध्ये ठेवली तर कॉम्प्रेसर चाकांच्या बळावर फिरत राहतो व इंजिनचा अटकावही मिळतो. भरलेल्या गाडीत हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

चालकाच्या निवेदनात भाषेमुळे उद्भवणारी आणखी एक अडचण आहे. मराठीत ‘-ऊन’ प्रत्ययान्त रूप क्रियांचा क्रम सांगते, रीत सांगते आणि कारणही सांगते. ‘खड्ड्यात आपटून गाडी बंद पडली’ ह्या वाक्यात आपटणे आधी व बंद पडणे नंतर, एवढाच अर्थ असू शकतो. आपटल्यामुळे बंद पडली, असाही असू शकतो. बोलणाऱ्याच्या मनात पहिला असतो, ऐकणारा दुसरा घेतो आणि दिवसभर ढिल्या तारा शोधीत बसतो. ही केवळ मराठीची लकब नव्हे. कॉलिन मसिका ह्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या भाषिक क्षेत्रविषयक ग्रंथात अशा धातुसाधितांचा आढावा घेतला असून, भारतातील आर्य आणि द्राविड अशा दोन्ही कुळांत ती सर्वत्र पसरलेली आहेत, असे त्यातून दिसते. कोरपना परिसरात ह्याला विशेष महत्त्व आहे. हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानातील राजुरा तालुक्याचा भाग होता; राज्यपुनर्रचनेत १९५६ साली तो मराठी मुलखात आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. मराठी, तेलुगू, गोंडी, हिंदी आणि एमेनो ह्यांनी १९५५ साली जिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला ती कोलामी, ह्या भाषा येथे शेजारी शेजारी नांदतात. चालकाची घरची भाषा ह्यांपैकी कोणतीही असली तरी क्रम व कारण एकाच रूपात गुंफण्याची सोय त्याला आहे. म्हणून ‘काय होऊन बंद पडली’ असे न विचारता प्रश्न तोडून विचारावा : खड्डा कोठे लागला, त्यानंतर गाडी किती अंतर गेली, आधी कधी खड्डा नसताना बंद पडली होती काय. ‘मध्येच’ ह्या क्रियाविशेषणाचीही अशीच फोड करावी लागते. त्यात वेळ, जागा, भार, पाऊस, चढ, ऊन ह्या साऱ्यांवर पांघरूण पडलेले असते.

उन्हाचा प्रश्न येथे गौण नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि इंजिनाला चिकटून बसलेल्या सोलेनॉइडाचे तापमान त्याच्या कितीतरी वर असते. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो. गुंडाळी २५ अंशांवरून १०५ अंशांवर गेली तर रोध सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे त्याच दाबाखाली प्रवाह जवळजवळ एक चतुर्थांशाने घटतो. चुंबकाची ओढ स्थूलमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ओढ सुमारे ५८ टक्क्यांवर येते. आता ह्यात वाटेतील एखाद्या गंजलेल्या जोडाने ३ व्होल्ट खाल्ले असे समजावे. चालू गाडीत २८ व्होल्टांऐवजी २५ व्होल्ट पोचले, तर प्रवाह आणखी घटून ओढ मूळच्या ४६ टक्क्यांच्या आसपास राहते. स्प्रिंग जिंकते, झडप बंद होते, गाडी थांबते. अर्ध्या तासाने गुंडाळी निवते आणि गाडी काहीच घडले नसल्याप्रमाणे सुरू होते. सकाळी गॅरेजात हा दोष दिसणार नाही, हे उघड आहे. ह्या हिशेबातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. नवा सोलेनॉइड बसवला तर कदाचित त्याची नवी, जोरकस गुंडाळी ही तूट काही महिने सोसेल. गंजलेला जोड मात्र तसाच राहील. उन्हाळ्यात बदललेला भाग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ‘खराब निघतो’ त्याचे एक कारण हे असू शकते.

उष्णतेचा संशय पडताळण्यासाठी गाडी बंद पडताच सोलेनॉइडावर ओला फडका धरून पाहावा. नेहमीपेक्षा लवकर सुरू झाली तर संशय दृढ होतो. तापलेल्या पंपावर पाणी ओतणे मात्र कटाक्षाने टाळावे. आतील भाग फार सूक्ष्म मापाने बसवलेले असतात व एकदम निवल्याने ते अडकण्याची भीती असते.

आता उपकरणांविषयी. मल्टिमीटर हल्ली स्वस्त झाला आहे आणि तो जवळ असणे चांगलेच. पण अधूनमधून येणाऱ्या दोषाच्या बाबतीत तो जितका सांगतो तितकाच लपवतो. सोलेनॉइडाची तार काढून तिच्या टोकाशी मीटर लावला आणि २४ व्होल्ट दिसले, की ‘करंट बरोबर येतो’ असा निकाल दिला जातो. ह्या निकालात गफलत आहे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. त्याचा रोध कोट्यवधी ओहमच्या घरात असतो. समजा, वाटेतील जोड इतका सडला आहे की त्याचा रोध १००० ओहम झाला आहे. मीटर तरीही २४ व्होल्टच दाखवील. परंतु तेथे २४ ओहमची गुंडाळी जोडली, तर तिच्या वाट्याला अर्ध्या व्होल्टाहून थोडेसेच अधिक येईल. बादलीभर पाण्याने उघड्या नळाचा दाब जोखता येतो, बंद नळाकडे पाहून नाही; तसेच हे आहे. म्हणून मोजमाप नेहमी तार जोडलेली व सोलेनॉइड ओढलेला असतानाच करावे, आणि केवळ टोकाशी किती व्होल्ट आहेत हे न पाहता वाटेत किती गळाले हे पाहावे : मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाशी, दुसरे सोलेनॉइडाच्या टोकाशी. सगळी वाट निर्दोष असेल तर हा फरक अर्ध्या व्होल्टाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. दोन-तीन व्होल्ट दिसले तर मधला एकेक जोड ओलांडीत मीटर पुढे सरकवावा. फरक जेथे एकदम नाहीसा होतो त्याच्या अलीकडे दोष असतो.

चालत्या गाडीत मात्र साधा दिवा मीटरपेक्षा उपयुक्त ठरतो. २४ व्होल्टांचे दोन लहान दिवे घ्यावेत. प्रत्येकाच्या तारेत फ्यूज घालावा आणि दोन्ही दिवे केबिनमध्ये नजरेसमोर बांधावेत. एकाची तार चावीनंतरच्या फ्यूजपासून आणावी, दुसऱ्याची थेट सोलेनॉइडाच्या टोकापासून. दोहोंची परतीची तार बॅटरीच्या ऋण टोकास जावी. मग गाडी नेहमीच्या मालासह, नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेळी चालवावी. क्लीनरचे काम एकच : गाडी बंद पडेल त्या क्षणी दिव्यांकडे पाहणे. दोन्ही विझले तर चावीचा स्विच, मुख्य फ्यूज अथवा बॅटरीपासून चावीपर्यंतची वाट. पहिला पेटलेला व दुसरा विझलेला असेल तर मधली तार, कपलर किंवा रिले. दोन्ही पेटलेले असूनही गाडी बंद पडली तर धन बाजूची वाट निर्दोष आहे. सोलेनॉइडाची गुंडाळी, त्याची परतीची वाट, किंवा डिझेल ह्यांपैकी काहीतरी दोषी आहे. ह्या प्रयोगात एकच पथ्य आहे, आणि ते मोडण्याचा मोह अनावर असतो. गाडी बंद पडताच चावीला हात लावावयाचा नाही. आधी सुरक्षितपणे बाजूला घ्यावी, दिवे पाहावेत आणि मगच चावी फिरवावी. चावी बंद करून पुन्हा फिरवणे म्हणजे स्विचची टोके घासून साफ करणे होय. त्यात पुरावा नाहीसा होतो.

ज्याच्याजवळ दिवे नाहीत त्यालाही डॅशबोर्ड बरेच काही सांगतो. चावी चालू असून इंजिन थांबले असेल, तर ऑइलचा व चार्जिंगचा दिवा लागलेला असलाच पाहिजे. ते दिवेही मेलेले असतील तर दोष सोलेनॉइडाच्या शाखेत नसून तिच्या अलीकडे, सर्वांच्या सामायिक वाटेत आहे.

परतीच्या वाटेला गॅरेजात ‘अर्थ’ म्हणतात. इंग्रजी शब्द जसाच्या तसा आला खरा. पण तो मराठीतील एका जुन्या शब्दाशी ध्वनीने इतका एकरूप झाला आहे की, ‘अर्थ लागत नाही’ हे वाक्य वायरमनच्या आणि व्याकरणकाराच्या तोंडी सारखेच शोभते. वायरमन त्याकडे दुर्लक्ष करतो हे मात्र खेदाने नमूद करावे लागते. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते. त्याचा चासीशी विद्युत्-संबंध एका जाड पट्टीने वा केबलीने राखलेला असतो. ती पट्टी गंजली किंवा दुरुस्तीनंतर बसवावयाची राहिली, तर प्रवाह मिळेल त्या वाटेने परत जातो. कधी ॲक्सिलरेटरच्या केबलीतूनही. सेल्फ मारताना ती केबल तापत असेल तर आणखी पुरावा नको. एरवीही चालू इंजिनावर मीटरचे एक टोक सोलेनॉइडाच्या अंगाला व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावून पाहावे. येथेही अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक असू नये.

तारेची झीज कोठे शोधावी, हे गाडीच्या रचनेवरूनच ठरते. केबिनच्या तळातून हार्नेस जेथे खाली उतरतो तेथील रबरी गोल निघून गेला असेल तर पत्र्याची धार तार कापते; केबिन पुढे झुकणारी असेल तर बिजागरीजवळ तार दरवेळी वाकते; चासीलगतच्या क्लिपा तुटल्या असतील तर तार लोंबून एक्झॉस्टला टेकते. सिमेंटची धूळ हे ह्या भागाचे खास वैशिष्ट्य. ती कोरडी असेतो विशेष उपद्रव नसतो, परंतु पहिल्या पावसात कपलरमध्ये ओलावा शिरला की तिचा घट्ट पापुद्रा बनतो आणि टोके एकमेकांपासून किंचित दूर सारली जातात. कपलर काढून पुन्हा बसवला की पापुद्रा खरवडला जातो आणि दोष आठवडाभर नाहीसा होतो. रिले बदलल्यावर येणाऱ्या गुणाचेही रहस्य पुष्कळदा हेच असते : गुण नव्या रिलेचा नसून जुनी टोके घासली गेल्याचा असतो.

दोष सापडेना तेव्हा ‘डायरेक्ट करणे’ हा गॅरेजातील रूढ उपाय होय. बॅटरीपासून सोलेनॉइडास स्वतंत्र तार देऊन मधे एक स्विच बसवला जातो. तपासणीचे साधन म्हणून तो उत्तम आहे. तारेत योग्य फ्यूज घालून एक फेरी मारावी. दोष नाहीसा झाला तर तो गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये आहे, राहिला तर सोलेनॉइडात किंवा डिझेलमध्ये. काही सोलेनॉइडांत ओढण्याची एक जोरकस व धरून ठेवण्याची दुसरी हलकी अशा दोन गुंडाळ्या असतात. तेथे हा प्रयोग जाणकारानेच करावा, कारण ओढणाऱ्या गुंडाळीत प्रवाह चालू राहिला तर ती थोड्याच वेळात जळते. कायमचा इलाज म्हणून मात्र ‘डायरेक्ट’चे समर्थन करता येत नाही. फ्यूजशिवाय चासीवरून नेलेली तार घासली गेली तर आग लागते. आणि संकटाच्या क्षणी चावी फिरवूनही इंजिन थांबत नाही, हे दुसऱ्या चालकाला ठाऊक नसते.

जुन्या गाडीची दुरुस्ती तीन हातांत विभागलेली आहे : इंजिनाचा मिस्त्री, पंपवाला आणि वायरमन. अधूनमधून येणारा दोष नेमका ह्या तिघांच्या सीमेवर पडतो. त्यातही पंप उतरवून खोलावयास देणे हा सर्वांत खर्चिक व सर्वांत कमी आधार असलेला निर्णय बहुधा सर्वांत आधी घेतला जातो, कारण चालकाच्या मूळ वाक्यात ‘पंप’ हा शब्द असतो. पंप जातो, गाडी काही दिवस उभी राहते, मालकाचा हप्ता थांबत नाही; पंप जोडताना नळ्या, तारा, अर्थ सारे नव्याने आवळले जाते आणि गाडी सुधारते. दोष पंपात होता, अशी सर्वांची खात्री पटते.

गाडी सुधारली हे तरी कधी म्हणावे? दोष सरासरीने दोन दिवसांतून एकदा, परंतु कोणत्याही क्षणी येत असेल, तर काहीही दुरुस्त न करता पुढचे दोन दिवस निर्वेध जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. म्हणजे तीनांतून एका गाडीचा मालक दोन दिवसांनी मिस्त्रीचे आभार मानील आणि त्यात मिस्त्रीचा काहीही संबंध नसेल. सहा दिवस निर्वेध गेले तर ती शक्यता ५ टक्क्यांवर येते. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की, दोष ज्या अंतराने येत असे त्याच्या निदान तिप्पट काळ, आणि तोही त्याच उन्हात, त्याच मालासह, त्याच रस्त्यावर गेल्याखेरीज दुरुस्तीचा निकाल मांडू नये. दोष दुपारच्या चढावर येत असेल तर रात्रीच्या रिकाम्या फेऱ्या ह्या हिशेबात धरावयाच्या नाहीत. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिची तारीख वहीत टिपावी. रिले, फ्यूज आणि सोलेनॉइड एकाच दिवशी बदलले तर दोष गेला तरी तो कशात होता हे कळत नाही आणि परत आला तर शोध पहिल्यापासून करावा लागतो.

भारत स्टेज ४ ही प्रदूषणमर्यादा १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाल्यानंतर ट्रकांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण मोठ्या प्रमाणावर रूढ झाले. अशा गाडीच्या स्मृतीत क्षणिक दोषही संकेतांकाच्या रूपाने नोंदला जातो, आणि स्कॅनर लावला की पडद्यावर एखाद्या भागाचे नाव उमटते. तो संकेतांकही सावधपणेच वाचला पाहिजे. नियंत्रकास कळलेले असते ते एवढेच की, अमुक तारेवरील दाब अपेक्षित मर्यादेबाहेर गेला. तो भागामुळे गेला, कपलरमुळे की अर्थमुळे, हे त्याला सांगता येत नाही. अशा गाडीत मोठ्या दिव्याने चाचणी घेणेही वर्ज्य आहे, कारण दिव्याच्या प्रवाहाने नियंत्रकाचा नाजूक भाग जळू शकतो. तेथे तारा जोडलेल्या ठेवून, मागच्या बाजूने बारीक टोक सरकवून, मीटरनेच दाब मोजावा लागतो.